अध्यक्षांचं पाणी

१

दोष माझ्या बाबांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट सांगायला बसलं की ती फिरून फिरून "तसं बघितलं तर कुणाचंच चुकलं नाही" इथे येऊन बसते. चुकलं. बाबांचं चुकलं. आईने त्यावर पांघरूण घातलं, आत्याने त्या पांघरुणाचं कौतुक केलं, आणि त्याखाली ताई गुदमरली.

बाबांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. आवाज चढवला नाही. दार आपटलं नाही. "तुझे बाबा म्हणजे देवमाणूस रे," असं गिऱ्हाईकं मला गल्ल्याजवळ गाठून सांगायची. मी उरलेले पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवायचो. देवमाणसाबरोबर राहायला लागतं तेव्हा काय होतं, हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आमचं दुकान माशांचं. खायच्या नव्हे, बघायच्या. खाऱ्या पाण्याच्या टाक्या, त्यात रंगीत मासे, झिंगे, गोगलगाई आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. खाली दुकान, वर घर, मध्ये लोखंडी जिना. सकाळ ठरलेली असायची. ताई शटर उचलायची, मी बादल्यांत मीठ कालवायचो, आई काचा पुसायची. सगळं झालं की बाबा जिना उतरून यायचे, निळे दिवे लावायचे आणि म्हणायचे, "उठा मंडळी." त्या मंडळींत आम्हीही आलो.

मधल्या मोठ्या टाकीत अध्यक्ष होते. म्हणजे एक मऊ कोरल. त्याला आत दगडी सांगाडा नसतो, हाताला ओल्या चामड्यासारखं लागतं. जाड देठ, वर जेवणाच्या ताटापेक्षा मोठी छत्री, आणि छत्रीभर गवतासारखी बारीक, डुलणारी बोटं. नाव आमच्या टोपीवाल्या काकांनी ठेवलं. ते विकत काही घ्यायचे नाहीत, रोज येऊन स्टुलावर बसायचे.

"हे बघ, मधोमध बसलेत, काहीही करत नाहीत, आणि बाकीचे अंग चोरून," ते म्हणाले होते. "आमच्या सोसायटीचे अध्यक्ष हुबेहूब!"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले.

२

मी केमिस्ट्री अर्धी सोडलेला माणूस आहे. घरात हे मला कुणी विसरू दिलेलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. पण अर्ध्या केमिस्ट्रीत जेवढं कळतं तेवढं मला कळतं.

दगडी कोरल भांडतात ते उघड भांडतात. त्यांना नांगीसारखी दंश करणारी बोटं असतात, ती शेजाऱ्याला लागली की तिथे डाग पडतो. दिसतं, कळतं, दोघांना लांब ठेवता येतं. मऊ कोरल असं काही करत नाही. ते कुणाला शिवतसुद्धा नाही. ते फक्त पाण्यात झिरपत राहतं. कडू, तेलकट, डोळ्याला न दिसणारं काहीतरी सोडत राहतं. मग शेजारचं दगडी कोरल आधी उघडायचं बंद होतं, मग बुडापासून पांढरं पडत वर जातं. मासे खाणं टाकतात. आणि बघणारा म्हणतो, अरे, याला तर कुणी हातही लावला नाही.

यावर साधा उपाय आहे. पाण्याच्या वाटेवर कोळशाच्या दाण्यांची पिशवी ठेवायची. ते विष कोळसा धरून ठेवतो. आमच्याकडेही ठेवलेली असायची. पण बाबांनी डोकं चालवून दुकानातल्या झाडून सगळ्या टाक्या नळ्यांनी एकमेकींना जोडल्या, सगळ्यांना खाली एकच साठ्याची टाकी दिली, आणि तो पसारा नीट चालला म्हणताना एके दिवशी कोळशाची पिशवी काढून टाकली.

"कोळसा पाण्यातलं चांगलंही ओढून घेतो," ते म्हणाले. "सगळ्यांचं पाणी एक असावं आणि मोकळं असावं."

महिना उलटला नसेल, दगडी कोरल बुडापासून पांढरी पडायला लागली. अध्यक्षांच्या शेजारचीच नव्हे, पार दाराजवळच्या टाकीतलीसुद्धा. तिथला एक झिंगा, ज्याने अध्यक्षांना जन्मात पाहिलं नव्हतं, कोपऱ्यात काचेला पाठ लावून उभा राहायला लागला. तोंड मधल्या टाकीच्या दिशेला.

मी बाबांना सगळं समजावलं. कागदावर काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बाबा नेहमी शांतपणे ऐकतात.

"हो का?" ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस, बाळा. कॉलेज पूर्ण केलं असतंस तर अजून खोलात कळलं असतं, नाही?"

आवाजात इतकी माया होती की मी कागद घडी करून खिशात घातला. जीभ जड झाली. तोंडात काहीतरी कडवट आलं. रागाने आलं असेल, असं मी धरून चाललो.

३

अध्यक्ष अधूनमधून बंद व्हायचे. बोटं आत ओढून घ्यायचे, छत्री आक्रसायची, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरायचा. नव्या माणसाला वाटतं, मेलं. मेलेलं नसतं. थोड्या दिवसांनी पाण्याच्या जोराने तो पापुद्रा सुटतो, वाहून जातो, आणि आतून ते आणखी मोठं, आणखी टवटवीत होऊन उघडतं. टोपीवाले काका म्हणायचे, "अध्यक्ष रुसलेत. राजीनामा देणार म्हणतात, देत मात्र नाहीत."

बाबांचेही बंद दिवस असायचे. मी लहान होतो तेव्हापासून. कुणी त्यांच्या मनाविरुद्ध काही ठरवलं की ते नाही म्हणायचे नाहीत. खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. जेवण आत. बोलणं बंद. आई दबक्या पावलांनी फिरायची, आम्ही कुजबुजायचो. आणि ज्याने ते ठरवलेलं असायचं तो एकेक करून आपले बेत गुंडाळायचा. मग बाबा बाहेर यायचे, ताजे, हसरे, चेहऱ्यावर तेज. "अरे, काय चाललंय मंडळी?" मी कॉलेज असंच सोडलं. वसतिगृहात राहून शिकणार म्हणालो होतो. भांडण झालं नाही. मलाच नकोसं झालं.

मोठी माणसं रुसतात, त्यात गूढ काही नाही. पण त्या वर्षी बाबांचे असेच बंद दिवस संपल्यावर मी न्हाणीघरात गेलो तर जाळीवर काहीतरी अडकलं होतं. पातळ, पिवळसर, अर्धपारदर्शक. दुधावरची साय वाळावी तसं. मी उचललं. हातभर लांब होतं, आणि एका टोकाला त्यावर रेषा होत्या. तळहाताच्या रेषा.

मी स्वतःला लगेच समजावलं. बाबा कोरलचे तुकडे दगडाला चिकटवतात, हाताला गोंद लागतो, वाळून निघतो. पटण्यासारखं होतं. फक्त गोंद पंज्यापुरताच असतो. हा कोपराच्या वर गेला होता. आणि त्याला गोंदाचा वास नव्हता, अध्यक्षांना पाण्याबाहेर काढलं की येतो तो वास होता. ओलं लाकूड आणि कडू औषध.

आई मागून आली. तिने तो पापुद्रा माझ्या हातातून घेतला, नळाखाली चुरगळला आणि मोरीत सोडला.

"आई, काय आहे हे?"

"सरक. मला कपडे भिजवायचेत."

"तुला माहितीये हे काय आहे?"

"प्रत्येक माणसाचं काहीतरी असतं रे," ती म्हणाली. "त्यावरून संसार मोडायचा का?"

४

आता ताईबद्दल.

ताई हसली की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. मेलेले मासे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला ती फोनवर अशी धुवायची की गिऱ्हाईकं खरेदी सोडून ऐकत उभी राहायची. मला ती "अर्धा शहाणा" म्हणायची. "पूर्ण वेड्यांच्या घरात तेवढं पुष्कळ आहे," असंही म्हणायची. त्या घरात माझ्याशी सरळ बोलणारं ते एकच माणूस.

तिला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात, समुद्रावर, मोठ्या मत्स्यालयात. पाण्यात उतरून जनावरांची देखभाल करायची. तिने जेवताना सांगितलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायले.

"जा की," ते म्हणाले. "मी कोण अडवणारा?"

दुसऱ्या दिवशी दार लोटलेलं.

ताईने मनावर घेतलं नाही. "बसू दे," ती म्हणाली. "मी काही तू नाही, कॉलेज सोडायला." ती न्यायचे कपडे कपाटातून काढून ठेवायला लागली. पण त्या आठवड्यात तिचं जेवण कमी झालं. मग हसणं. मग फोनवर व्यापारी तिला म्हणाला, "जरा मोठ्याने बोला ना, ऐकू येत नाही," आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

एक दिवस जेवणाच्या खोलीत टेबलाखालची फरशी पुसताना मला खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे दिसले. माझ्या खुर्चीचे जुने ओरखडे टेबलाला लागून होते, नवे भिंतीकडे. आईचेही. ताईचेही. वर्षानुवर्षं आम्ही तिघेही थोडे थोडे मागे सरकत होतो, आणि आमच्यातल्या कुणाला ते कळलं नव्हतं. ताट टेबलावर आणि माणूस भिंतीला, असे वाकून जेवत होतो. बाबांच्या खुर्चीखाली एकच ठसा होता. खोल. जागचा न हललेला.

फरशीला उतार असेल. मी खेळायची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही.

५

ताईच्या हिरड्या मागे सरकायला लागल्या. ती दात घासताना आरशासमोर थबकली, मी बाजूला उभा होतो. दात लांब दिसत होते. हिरडी मागे सरकून मुळं उघडी पडली होती, पांढरी, कोरडी. नखांच्या बुडाची कातडीही तशीच मागे गेलेली.

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या घ्या. आत्या बघायला आली. तिने बाबांच्या बंद दाराकडे पाहून डोळ्याला पदर लावला.

"पोरीच्या काळजीने दादाला अन्न गोड लागत नाही," ती म्हणाली. "असा बाप मिळायला भाग्य लागतं."

"आत्या, आजारी ताई आहे," मी म्हणालो. "बाबा नाहीत."

"तुला कळायचं नाही. तू अजून लहान आहेस."

मला कळत होतं, हाच तर घोळ होता. पण जे कळत होतं ते तोंडाने बोललो तर मीच वेडा ठरणार होतो. म्हणून मी जे सिद्ध करता येतं तिथून सुरुवात केली. खाली साठ्याच्या टाकीत कोळशाची मोठी पिशवी सोडली. कुणाला विचारलं नाही. दोन-तीन दिवसांत दाराजवळच्या टाकीतला झिंगा कोपरा सोडून बाहेर आला. मरायला टेकलेल्या एका दगडी कोरलने बोटं बाहेर काढली. म्हणजे केमिस्ट्री खोटी नव्हती.

मग मी तोच कोळसा वर नेला. ताईच्या खोलीत उशाशी, दाराच्या फटीत, खिडकीत, मिळेल तिथे पिशव्या ठेवल्या. तिच्या खोलीची आणि बाबांच्या खोलीची भिंत एक होती. तिकडची फट मी ओल्या कापडाने बुजवली. दोन्ही खिडक्या सताड उघड्या, पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून.

"हे काय करतोयस?" ताईने विचारलं. आवाज कागदासारखा.

"हवा गाळतोय."

"अर्धा शहाणा," ती म्हणाली.

त्यानंतर ती दोनदा जेवली. तिसऱ्या दिवशी तिने जिन्यावरून मला हाक मारली आणि ती मला खाली दुकानात ऐकू आली. मी मिठाची बादली तशीच टाकून वर धावलो. तिला फक्त तिची निळी पिशवी माळ्यावरून काढून हवी होती. निघायचा दिवस जवळ आला होता, आणि ती निघणार होती.

६

निघायच्या दिवशी दुपारी बाबांचं दार उघडलं. ते जिना उतरून आले. चेहरा ओढलेला, पण कातडीवर ती चकाकी. मेण फासल्यासारखी. मी गल्ल्यावर होतो. आधी त्यांनी साठ्याच्या टाकीचं झाकण उचललं, कोळशाची पिशवी काढली, निथळू दिली आणि कचऱ्यात टाकली. वरच्याही पिशव्या त्यांनी येतानाच गोळा करून आणल्या होत्या.

"धूळ होते रे त्याने," ते मला म्हणाले. "तिला खोकला आहे ना."

मग त्यांनी ताईला हाक मारली. ती आली. अंगात प्रवासाचे कपडे, केस बांधलेले. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

"रिकाम्या हाताने जाणार का?" बाबा म्हणाले. "अध्यक्षांचा एक तुकडा देतो. तिथे लाव. माझी आठवण राहील."

मऊ कोरल असंच वाढवतात, कापून. पण ते टाकीबाहेर काढून, वेगळ्या भांड्यात कापायचं असतं, कारण कापलं की ते पोटात आहे नाही तेवढं विष एकदम सोडतं. कालचं पोरगंसुद्धा हे शिकून येतं. बाबा गेली कित्येक वर्षं टाकीतच कापत आले होते, पंप चालू ठेवून. सांगितलं तर म्हणायचे, "त्याला घरातून उठवायचं कशाला? घरातल्या घरात होऊ दे."

"बाबा, बाहेर काढून कापा," मी म्हणालो.

"काही होत नाही."

"मग पंप तरी बंद करतो."

"राहू दे. ताई, बाह्या वर कर बाळा, देठ धर जरा."

"ताई, धरू नको!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं, ती नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण बाबा तिच्याकडे बघून हसत होते, आणि समोर हसणाऱ्या माणसाला नाही म्हणायला आमच्या घरात कुणाला शिकवलेलं नाही. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बाबांनी कात्री चालवली.

पाणी दुधाळ झालं. आधी मधल्या टाकीतलं सगळं मिटलं. मग तिच्या शेजारच्या टाकीतलं, मग त्यापुढच्या, असं रांगेने थेट दारापर्यंत. लांबच्या टाकीतला झिंगा काचेवर आपटला. आवाज इतका लहान होता, पण मला स्पष्ट आला, कारण त्याखेरीज दुकानात पंपाची घरघर तेवढी उरली होती. ताई हात बाहेर काढत नव्हती.

मी धावलो. दुकानातला पंखा बाबांच्या मागे होता, त्यांच्या मानेवर वारा मारत. कानामागे पापुद्र्याची कड सुटली होती आणि फडफडत होती. मी बघत असताना ती सुटत सुटत खाली कॉलरपर्यंत आली आणि एकसंध निघून पंख्याच्या वाऱ्याने उडाली. खाली कातडी नव्हती. खाली काहीतरी उभं राहत होतं. बारीक, फिकट, दाट, अध्यक्षांच्या छत्रीवर असतं तसं. एकेकाला आठ-आठ बोटं. ती उघडली. ती वाऱ्याबरोबर पुढे डुलायला हवी होती. ती सगळी एका बाजूला वळली, वाऱ्याला आडवी, ताईकडे.

बाबांनी मोकळ्या हाताने कॉलर वर केली.

दिवे निळे होते. निळ्या उजेडात लव वेगळी दिसते. माझं डोकं तापलं होतं, दुपारचं जेवणही झालं नव्हतं. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलेलं आहे. मग मी आईकडे पाहिलं. तिची नजर कॉलरवर नव्हती. ती फरशीवर पडलेला तो पापुद्रा उचलायला वाकली होती.

७

मी ताईला खांद्याला धरून मागे ओढलं. हात धुतले, साबणाने, पुन्हा पुन्हा. तिने धुऊ दिले. तिची निळी पिशवी उचलली, तिला दारापर्यंत नेलं. बाहेर रिक्षा उभी होती.

"निघा रे, गाडी चुकेल," बाबा मागून म्हणाले. आवाज ताजा होता. कित्येक दिवसांत इतका मोकळा नव्हता. "पोचलीस की फोन कर हं, बाळा."

ताईने उंबऱ्यावर पाय थांबवला. तिची बोटं माझ्या हातात होती, ती कोरलच्या बोटांसारखी एकेक करून मिटली आणि माझ्या हातातून निसटली. जोराने ओढून घेतली नाहीत. ती वळली, गल्ल्यामागच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि ओठ मिटून घेतले. मी तिला हलवलं, ओरडलो, आईवर ओरडलो, बाबांना शिव्या दिल्या. टोपीवाले काका स्टुलावरून उठून म्हणाले, "बापाशी असं बोलतात का?" आणि रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

संध्याकाळी आत्या आली. तिच्या मते पोरीला बापाला सोडून जाववलं नाही.

मी त्या रात्रीच घर सोडलं. आता शीतगृहात माल उतरवतो. दर रविवारी फोन करतो. बाबाच उचलतात, माझी तब्येत विचारतात, पैसे हवेत का विचारतात. म्हणतात, "अरे, ताई इथेच बसलीये. थांब, कानाला लावतो तिच्या." मग मी बोलत राहतो. पलीकडून पंप ऐकू येतो. श्वास ऐकू येत नाही. थोड्या वेळाने बाबा म्हणतात, "ऐकलं हं तिने सगळं. छान आहे. आता कुठे बाहेर जायचं नावसुद्धा काढत नाही."

समुद्रावरची ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बाबा सांगतात, ताई सकाळी खुर्चीवर बसते, दिवे मालवले की उठते. मला एकच बहीण होती.